निळ्या बाळांची शस्त्रक्रिया आणि व्हिव्हियन थॉमस

'समथिंग द लॉर्ड मेड' हा चित्रपट एचबीओ या अमेरिकी वाहिनीने २००४ साली दाखवला. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट. जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या बाळांवर पहिलं ऑपरेशन करणारे सर्जन डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या भूमिकेत ॲलन रिकमन आणि त्यांचे प्रयोगशाळेतले कृष्णवर्णीय सहकारी व्हिव्हियन थॉमस यांच्या भूमिकेत मोस डेफ. टीव्हीसाठी बनवलेल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा एमी पुरस्कार त्या वर्षी त्याला मिळाला. बघताना डोळ्यांत पाणी येतं हे खरं, पण दोन गोष्टी माहीत नसतील तर चित्रपट अर्धाच हाती लागतो. पहिली म्हणजे त्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय कशाला जोडलं आणि त्यामुळे बाळाचा रंग का पालटला. दुसरी म्हणजे वर्णभेद चालायचा कसा. तो कुणाच्या तुसड्या वागण्यापुरता नव्हता. पगारपत्रक, दवाखान्याचे दरवाजे, कॉलेजचे प्रवेश आणि शोधनिबंधावरची नावं या सगळ्यांतून तो रोज राबवला जायचा. थॉमस यांनी काय केलं आणि त्यांच्या वाट्याला काय आलं, हे कळण्यासाठी दोन्ही समजून घ्यायला हवं.

बाळ निळं का पडतं

हृदयाला चार कप्पे असतात. अंगभर फिरून ऑक्सिजन कमी झालेलं रक्त उजव्या बाजूला येतं. उजवा खालचा कप्पा ते फुफ्फुसांकडे ढकलतो. तिथून ताजं झालेलं रक्त डाव्या बाजूला येतं आणि डावा खालचा कप्पा ते महाधमनीतून सगळ्या अंगाला पाठवतो. दोन बाजूंमध्ये भिंत असते, त्यामुळे जितकं रक्त अंगात जातं तितकंच फुफ्फुसांतूनही जातं.

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात दोषात ही घडी बिघडते. फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर एतियन-लुई आर्थर फॅलो यांनी १८८८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. पुस्तकात चार दोष मोजतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं भोक असतं, फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, महाधमनी त्या भोकाच्या वर सरकलेली असते आणि उजव्या खालच्या कप्प्याचा स्नायू जाड झालेला असतो. त्रास समजून घ्यायला पहिले दोन पुरतात. वाट अरुंद म्हणून रक्त फुफ्फुसाकडे पुरेसं जात नाही, आणि शेजारीच भोक असल्याने ते महाधमनीत शिरतं. फुफ्फुसात न गेलेलं काळपट रक्त असं थेट अंगात मिसळतं. उजवा कप्पा जाड होतो तो या अडथळ्याविरुद्ध जोर लावून लावून.

निळेपणा डोळ्यांना कधी दिसतो, याचा एक ढोबळ आकडा आहे. त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांतल्या १०० मिलिलीटर रक्तात ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन सुमारे ५ ग्रॅम झालं की ओठ, जीभ, नखं निळसर दिसू लागतात. यात एक मेख आहे. एखाद्या मुलाचं हिमोग्लोबिन २० असेल तर त्यातला पाव हिस्सा ऑक्सिजनविना असला तरी मूल निळं दिसतं. तेच हिमोग्लोबिन ८ असेल तर निम्म्याहून जास्त हिस्सा तसा झाल्याशिवाय निळेपणा दिसणारच नाही. म्हणजे रक्त कमी असलेलं मूल वरून बरं दिसेल आणि आतून गंभीर असेल. आपल्याकडे लहान मुलांत लोहाची कमतरता भरपूर, त्यात सावळ्या त्वचेवर निळी छटा लपते. म्हणून गाल बघू नयेत, जीभ आणि हिरड्या बघाव्यात, आणि ऑक्सिमीटर लावावा. नवजात बाळाला जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि पायाला तो लावतात. कुठेही ९० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर लगेच पुढची तपासणी हवी.

ऑपरेशन नव्हतं त्या काळी ही मुलं थोडं चालली की उकिडवी बसायची. दमलं म्हणून बसलं, असं बघणाऱ्याला वाटायचं, पण त्या बसण्याने खरोखर फरक पडतो. मांड्या-पोटऱ्या दुमडल्या की पायांतल्या धमन्या दाबल्या जातात आणि अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला विरोध वाढतो. महाधमनीकडे जाणं अवघड झालं की उजव्या कप्प्यातलं जास्त रक्त नाइलाजाने त्या अरुंद वाटेने फुफ्फुसाकडे जातं. मुलं हे कुणी न शिकवता शोधून काढायची.

अरुंद वाटेभोवती स्नायू असतो. तो अचानक आवळला तर झटका येतो. बहुधा सकाळी उठल्यावर, रडल्यावर, दूध पिताना किंवा शौचाच्या वेळी. बाळ जोरजोरात श्वास घेतं, गडद निळं होतं आणि मग मलूल पडतं. एरवी स्टेथोस्कोपला ऐकू येणारी हृदयाची खरखर झटक्यात मंदावते. ते चांगलं लक्षण नव्हे. अरुंद वाटेतून रक्त जाणंच थांबत आलं आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी बाळाला कुशीत घेऊन त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरायचे, त्याला रडू द्यायचं नाही आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. तिथे ऑक्सिजन, सलाईन, मॉर्फिन, प्रोप्रॅनोलॉलसारखं स्नायू सैल करणारं औषध अशा पायऱ्या ठरलेल्या असतात.

आणखी दोन धोके असतात. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर लाल पेशी वाढवत राहतं आणि रक्त दाट होतं. उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्यांत पाणी कमी पडलं तर अशा मुलाच्या मेंदूत गुठळी होऊ शकते. दुसरं म्हणजे, रक्तातले जंतू फुफ्फुसांच्या गाळणीत अडकायचे ते भोकातून थेट वर जातात आणि मेंदूत गळू होऊ शकतं.

टॉसिग यांनी काय हेरलं

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हॅरिएट लेन होम हा मुलांचा विभाग होता. तिथल्या हृदयरोग दवाखान्याच्या प्रमुख १९३० पासून डॉ. हेलन टॉसिग. त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून छातीवर हात ठेवून आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाची हालचाल बघून त्या निदान करत. वर्षानुवर्षं निळी मुलं तपासताना त्यांच्या ध्यानात आलं की काही मुलं जन्मल्यावर बरी असतात आणि काही दिवसांनी एकदम खालावतात. नेमकी तेव्हाच त्यांची 'डक्टस' बंद झालेली असते.

डक्टस ही महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांना जोडणारी छोटी नळी. पोटातल्या बाळाला ती लागते, जन्मानंतर ती आपोआप मिटते. निरोगी बाळात ती मिटायलाच हवी. उलट फॅलोच्या बाळात तीच जीव धरून असते, कारण महाधमनीतलं रक्त तिच्यातून मागच्या दाराने फुफ्फुसात पोहोचतं. १९३८ साली बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीची उघडी राहिलेली डक्टस शस्त्रक्रियेने बंद केली होती. बंद करता येते तर तयार का करता येऊ नये, असं टॉसिग यांनी त्यांना विचारलं. ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही. १९४३ साली टॉसिग तोच प्रश्न घेऊन ब्लॅलॉक आणि थॉमस यांच्याकडे आल्या.

इथे हमखास एक शंका येते. महाधमनीतलं रक्त फुफ्फुसातून आलेलंच असतं ना, मग ते पुन्हा फुफ्फुसात पाठवून काय मिळणार? निरोगी माणसात काहीच नाही. फॅलोच्या बाळात मात्र महाधमनीतलं रक्त सरमिसळ झालेलं असतं, अजून ऑक्सिजन घ्यायला त्यात जागा असते. आकड्यांत मांडून बघू. हे आकडे समजण्यापुरते सोपे केलेले आहेत.

समजा अंगात १०० भाग रक्त जातं आणि अंग त्याची संपृक्तता, म्हणजे त्यात ऑक्सिजन किती टक्के भरला आहे तो आकडा, ३० ने खाली आणतं. परत आलेल्या १०० भागांपैकी फक्त ५० भाग फुफ्फुसात पोहोचतात आणि ९८ टक्क्यांचे होऊन येतात. बाकीचे ५० भाग भोकातून थेट महाधमनीत जातात. हिशेब जुळवला की महाधमनीत ६८ टक्के येतात आणि अंगातून परतणाऱ्या रक्तात ३८. आता महाधमनीच्या एका फांदीतून ५० भाग फुफ्फुसाकडे वळवा. फुफ्फुसात आता १०० भाग जातात, ते सगळे ९८ टक्क्यांचे होतात. भोकातून येणारे ५० भाग तसेच आहेत, पण तेही आता ५३ टक्क्यांचे असतात. सरासरी निघते ८३ टक्के. भोक तिथेच, अरुंद वाटही तिथेच, हृदयाला हातसुद्धा लावलेला नाही, तरी ६८ चे ८३ झाले. निळं बाळ गुलाबी दिसायला एवढं पुरतं.

याची किंमतही याच हिशेबात दिसते. डाव्या कप्प्याला आधी फुफ्फुसातून आलेले ५० भाग ढकलायचे होते, आता १०० ढकलावे लागतात. फांदी गरजेपेक्षा मोठी ठेवली तर बाळ गुलाबी होतं, पण फुफ्फुसं रक्ताने तुंबतात आणि हृदय थकतं. लहान ठेवली तर निळेपणा राहतो. नळीचं माप हा या ऑपरेशनचा सगळ्यात नाजूक निर्णय, तेव्हाही आणि आजही.

सुताराचा मुलगा आणि सुमारे २०० कुत्री

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म १९१० सालचा, लुइझियाना राज्यातला. वाढले टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये. वडील सुतार, त्यांच्या हाताखाली व्हिव्हियनही सुतारकाम शिकले. १९२९ साली पर्ल हायस्कूलमधून शिक्षण संपवलं तेव्हा डॉक्टर व्हायचं ठरलेलं होतं आणि कॉलेजसाठी पैसे साठवलेले होते. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि कामं आटली. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, आठवड्याला १२ डॉलरवर. काही महिन्यांत नॅशव्हिलच्या बँका बुडाल्या आणि साठवलेले पैसेही गेले.

तिथला विषय होता 'शॉक'. मोठी जखम झालेला माणूस अंग गार पडून, रक्तदाब घसरून मरतो तो का? जखमी स्नायूंतून विष सुटतं, असं त्या काळी अनेकांचं मत होतं. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगांनी दाखवलं की विषाची गरजच नाही. जखमेच्या जागी रक्त आणि द्रव इतका मुरतो की वाहिन्यांत पुरेसं उरत नाही. मग उपाय सरळ होता, गेलेलं भरून काढायचं. दुसऱ्या महायुद्धात रक्त आणि प्लाझ्मा देऊन असंख्य जखमी वाचले, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. कुत्र्याला भूल देणं, धमनीत नळी घालणं, दाब मोजणं, रासायनिक तपासण्या, नोंदी हे सगळं थॉमस करत. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच ते स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागले होते.

१९३८ मध्ये व्हँडरबिल्टलाच त्यांनी एक वेगळा प्रयोग केला. फुफ्फुसांतला रक्तदाब वाढवून बघायचा होता, म्हणून डाव्या हाताकडे जाणारी धमनी त्यांनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडली. दाब अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. त्या हेतूने प्रयोग फसला. पण दोन गोष्टी हाती लागल्या. अशी जोडणी टिकते, आणि फुफ्फुसं जादा रक्त सोसतात. पाच वर्षांनी, दोघंही हॉपकिन्सला आलेले असताना, टॉसिग आल्या तेव्हा त्यांना हवी ती जोडणी या दोघांच्या वहीत आधीच होती.

तरी थेट बाळावर जाता येत नव्हतं. आधी निळं कुत्रं हवं होतं, आणि फॅलोचा दोष कुत्र्यात हुबेहूब तयार करणं त्या वेळी शक्य नव्हतं. थॉमस यांनी वळसा घेतला. फुफ्फुसाचा काही भाग काढून त्यांनी फुफ्फुसाची धमनी तिथल्या शिरेला जोडली, म्हणजे काही रक्त फुफ्फुस चुकवूनच डावीकडे येईल. अशा तऱ्हेने ऑक्सिजन घटलेल्या कुत्र्यांवर मग उपायाची जोडणी करून बघितली. दोन वर्षांच्या आसपास हे काम चाललं, सुमारे २०० कुत्री लागली. त्यांतली ॲना नावाची कुत्री दीर्घकाळ जगणारी पहिली ठरली. तिचं चित्र हॉपकिन्सच्या भिंतीवर लागलं.

टाके घालण्याचं कौशल्य इथे निर्णायक होतं. धमनीच्या आतलं अस्तर गुळगुळीत असतं, रक्त त्यावर गोठत नाही. जोडताना अस्तराला अस्तर भिडलं पाहिजे. कड आत वळली किंवा बाहेरचा थर आत डोकावला की तिथे गुठळी धरते आणि काही तासांत जोडणी बंद. टाके विरळ पडले तर रक्त गळतं, फार ओढले तर तोंड पिशवीच्या नाडीसारखं आवळतं. हे सगळं रेशमी धाग्याने आणि साध्या डोळ्यांनी. एवढ्या बारीक कामाच्या सुया बाजारात नव्हत्या, थॉमस यांनी असलेल्या सुया आखूड करून, टोकं घासून त्या प्रयोगशाळेतच तयार केल्या.

२९ नोव्हेंबर १९४४

पहिली रुग्ण १५ महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार-साडेचार किलो. या वयाच्या निरोगी मुलीचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास असतं, यावरून तिची अवस्था समजावी. भूल देणारे डॉ. मेरेल हार्मेल, मदतीला विल्यम लाँगमायर आणि तेव्हा शिकाऊ असलेले डेंटन कूली. ही जोडणी थॉमस यांनी कुत्र्यांवर कितीतरी वेळा केली होती. ब्लॅलॉक यांनी एकदाच, तीही थॉमस यांच्यासोबत. म्हणून ब्लॅलॉक यांनी थॉमस यांना बोलावून घेतलं आणि आपल्या मागे, खांद्यावरून दिसेल असं, पायरीच्या स्टुलावर उभं केलं.

कामाचा क्रम असा होता. छाती डाव्या बाजूने, बरगड्यांच्या मधून उघडायची. डाव्या फुफ्फुसाची धमनी मोकळी करायची. हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी लांबवर सोडवून घ्यायची, पुढचं टोक बांधायचं, धमनी कापायची आणि खाली वळवायची. ती पुरेशी लांब सोडवली नाही तर वळताना मुडपते, हा नेहमीचा घोळ. मग फुफ्फुसाच्या धमनीला दोन्हीकडून चिमटे लावून मध्ये छोटी चीर द्यायची आणि कापलेलं टोक त्या चिरेला शिवायचं. चिमटे लागलेले असतात तोवर त्या फुफ्फुसाला रक्त नाही, आणि बाळाजवळ ऑक्सिजन आधीच कमी. तो वेळ सगळ्यात कठीण. टाका कोणत्या दिशेने घ्यायचा, दोन टाक्यांत किती अंतर, चीर पुरेशी लांब आहे का, हे ब्लॅलॉक विचारत आणि थॉमस सांगत. कधी टाका उलट दिशेने निघाला तर थॉमस तिथेच सांगून टाकत.

ही मुलगी त्यातून उठली, पण काही महिनेच जगली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ११ वर्षांच्या मुलीवर झालेलं दुसरं ऑपरेशन पूर्ण यशस्वी झालं. त्याच महिन्यात सहा वर्षांच्या मुलाचे ओठ तर टेबलावरच गुलाबी झाले. मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तिन्ही रुग्णांची माहिती छापून आली. लेखक दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचं नाव लेखात कुठेच नव्हतं. देशोदेशींचे आईबाप बाल्टिमोरला मुलं घेऊन येऊ लागले, वर्षभरात २०० हून अधिक ऑपरेशनं झाली. सुरुवातीच्या ऑपरेशनांत थॉमस मागे उभे असल्याशिवाय ब्लॅलॉक पुढे जात नसत.

वर्णभेद रोजच्या कामात कसा चालायचा

चित्रपटात पगारपत्रकाचा प्रसंग आहे, तो नीट बघावा. व्हँडरबिल्टमध्ये थॉमस यांचं काम पदवीधर संशोधकाचं होतं, पण कागदोपत्री ते झाडलोट करणारे कर्मचारी होते. कृष्णवर्णीय माणसासाठी दुसरं पदच यादीत नव्हतं. पगार पदाप्रमाणे मिळतो, म्हणून पद खालचं लिहिलं की पुढे कुणाला भेदभाव करावाही लागत नाही, हिशेबनीस तो आपसूक करतो. थॉमस यांनी ही विसंगती वरिष्ठांच्या कानावर घातली, तीही बेताने. त्यांचे थोरले भाऊ नॅशव्हिलमध्ये शिक्षक होते. गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळतो म्हणून त्यांनी शिक्षण मंडळावर खटला भरला होता. वकील होते थर्गुड मार्शल, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. खटला जिंकला, नोकरी मात्र गेली. आवाज चढवला की काय होतं, हे त्या घराने बघितलेलं होतं.

'मग ते डॉक्टर का झाले नाहीत' असं आज कुणीही सहज विचारेल. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांची झाडाझडती घेतली. त्यानंतर कृष्णवर्णीयांसाठीच्या सातपैकी पाच शाळा काही वर्षांत बंद पडल्या. उरल्या दोन, वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलचीच मेहॅरी. दक्षिणेतली गोऱ्यांची कॉलेजं यांना घेत नसत. म्हणजे सगळ्या देशातून मोजक्या जागांसाठी झुंबड, आणि फी भरायला बँकेत पैसे नाहीत. पुढे १९४७ मध्ये थॉमस यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजात चौकशी केली. कामाच्या अनुभवाची सूट मिळेना, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. त्यांनी तो विचार सोडला.

१९४१ साली ब्लॅलॉक हॉपकिन्सला शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून गेले तेव्हा थॉमस यांनाही घ्यावं ही अट त्यांनी घातली. तिथे कृष्णवर्णीय रुग्णांचे वॉर्ड वेगळे, स्वच्छतागृहं वेगळी, आणि कृष्णवर्णीय कर्मचारी म्हणजे झाडूवाले. पांढरा कोट घातलेले थॉमस व्हरांड्यातून चालले की माणसं वळून बघत. पगार इतका अपुरा की ब्लॅलॉक यांच्याच घरच्या पार्ट्यांत ते पेयं देण्याचं काम करत. दिवसा ज्या तरुण डॉक्टरांना टाके शिकवायचे, संध्याकाळी त्यांच्याच हातात ग्लास द्यायचा. नोकरी सोडण्याची भाषा केल्यावर १९४६ मध्ये ब्लॅलॉक यांनी रदबदली केली आणि थॉमस हॉपकिन्समधले सर्वाधिक पगाराचे तंत्रज्ञ झाले.

ब्लॅलॉक यांच्याबद्दल चित्रपट प्रामाणिक आहे, असं आमचं मत. थॉमस यांच्या हातांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, त्यांच्यासाठी ते संस्थेशी भांडले. आणि तेच ब्लॅलॉक निबंधावर त्यांचं नाव घालत नव्हते. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

वेगळेपण रक्तालाही चिकटवलं होतं. शॉकवर रक्त हाच उपाय असं सिद्ध झाल्यावर युद्धकाळात अमेरिकन रेड क्रॉसने रक्त गोळा करायला सुरुवात केली. सुरुवातीला कृष्णवर्णीयांचं रक्त नाकारलं. १९४२ पासून घेतलं, पण वेगळी चिठ्ठी लावून वेगळं ठेवलं. वैद्यकीय कारण शून्य. ही प्रथा १९५० पर्यंत चालली. आणि १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने तर सरकारी पैशाने 'वेगळी पण समान' हॉस्पिटलं बांधायला मुभाच दिली. ते कलम १९६३ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवलं, १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, आणि १९६६ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, पैसे हवे असतील तर वॉर्ड एक करा अशी अट आली तेव्हा कुठे बहुतेक हॉस्पिटलांच्या भिंती पडल्या.

नाव कुठून आलं, आणि पुढे काय

१९४६ मध्ये थॉमस यांनी आणखी एक अवघड काम साधलं. काही बाळांत दोन्ही मोठ्या धमन्या अदलाबदल होऊन बसलेल्या असतात. त्यांचं रक्त मिसळावं म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये मुद्दाम भोक करायचं, तेही धडधडत्या हृदयात. कुत्र्यावर केलेलं ते काम ब्लॅलॉक यांनी बोट फिरवून बघितलं, टाक्यांची रेघ जवळजवळ जाणवेना. हे तर देवानेच घडवल्यासारखं दिसतंय, असे उद्गार त्यांनी काढले. चित्रपटाचं नाव त्यावरून आहे. ऑपरेशनला नाव मात्र ब्लॅलॉक आणि त्यांचे सहकारी सर्जन हॅनलन यांचं.

ब्लॅलॉक १९६४ मध्ये वारले. थॉमस प्रयोगशाळा चालवत राहिले, त्यांच्या हाताखालून गेलेले सर्जन देशभर विभागप्रमुख झाले. १९७१ मध्ये त्याच शिष्यांनी करवून घेतलेलं थॉमस यांचं तैलचित्र हॉपकिन्समध्ये ब्लॅलॉक यांच्या चित्राशेजारी लागलं. १९७६ मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, ती वैद्यकातली नव्हे, कायद्यातली. त्याच सुमारास शस्त्रक्रियेचे अध्यापक म्हणून अधिकृत नेमणूकही झाली. प्रत्यक्षात ते तीस वर्षांहून जास्त काळ शिकवत होते. १९७९ मध्ये निवृत्त झाले, २६ नोव्हेंबर १९८५ रोजी निधन पावले. आत्मचरित्र त्यानंतर काही दिवसांनी प्रसिद्ध झालं.

हे ऑपरेशन दोष बरा करत नाही, वेळ मिळवून देतं. भोक बुजवून वाट रुंद करण्याची पूर्ण दुरुस्ती १९५४ मध्ये मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी पहिल्यांदा केली. आता ती बहुधा वयाच्या पहिल्या वर्षातच करतात. बाळ फार लहान, धमन्या फार बारीक किंवा झटके आवरत नसतील तर आधी शंट, म्हणजे फुफ्फुसाकडे रक्त वळवणारी अशी जोडणी, घालतात. हाताची धमनी आता कापत नाहीत. साडेतीन ते चार मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी, गोअरटेक्सची, तिथून फुफ्फुसाच्या धमनीला जोडतात. नळी वाढत नाही, बाळ वाढतं, म्हणून काही महिन्यांनी ती अपुरी पडते. तोवर गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन देतात. शंट असलेल्या बाळाला जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट बघू नये, कारण रक्त दाट झालं की नळी तासांत बंद पडू शकते. एकदम निळं पडणं, दूध सोडणं ही लक्षणं दिसली की लगेच निघायचं. उलट बाजूला, फार घाम, धाप आणि वजन न वाढणं हे नळीतून जास्त रक्त जात असल्याचं लक्षण.

महाराष्ट्रात अंगणवाडी आणि शाळांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जन्मजात हृदयदोषही तपासतं आणि पुढे पाठवतं. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला होता. मूल निळसर वाटत असेल तर पथक येण्याच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड आयुष्यभर जपून ठेवावं. त्यावर 'बीटी शंट' किंवा अलीकडे 'बीटीटी शंट' असं लिहिलेलं असतं. बी ब्लॅलॉक यांचा, पहिला टी टॉसिग यांचा, आणि अनेक सर्जन आता आग्रहाने लिहितात तो दुसरा टी थॉमस यांचा. त्यापुढे उजवा की डावा हेही असतं. जुन्या पद्धतीने धमनी कापलेली असेल तर त्या हाताची नाडी मंद लागते आणि रक्तदाब खोटा कमी येतो. अशा माणसाचा रक्तदाब नेहमी दुसऱ्या हाताला मोजायचा, आणि हे नवीन डॉक्टरांना आपणहून सांगायचं. पूर्ण दुरुस्ती झालेल्यांत फुफ्फुसाची झडप पुढे गळू लागते, उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो, आणि बराच काळ काहीच जाणवत नाही. म्हणून ठणठणीत वाटत असलं तरी जन्मजात हृदयदोषांची माहिती असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे ठरल्या वेळी इको करून घ्यायचा.